जुन्या एमजीबीला पुश-बटन स्टार्ट लावू का?

बर्मिंगहॅमकर

मंडळी, एक भांडण लावून देतो. माझ्याकडे १९६६ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे जुनी ब्रिटिश उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. टार्टन रेड, तारांची चाकं, दोन एसयू कार्ब्युरेटर, १७९८ सीसी. इथे बर्मिंगहॅमला चार वर्षांपूर्वी घेतली, रविवारी ऊन असलं की बाहेर काढतो म्हणजे वर्षातून साधारण किती वेळा ते समजून घ्या.

तर हिला मला स्टार्टचं बटन बसवायचंय. डॅशवर, गोल, क्रोमच्या रिंगचं, अंगठ्याने दाबलं की इंजिन उठलं पाहिजे. घरी बोललो तर बायको म्हणाली लाव की, मला काय विचारतोस. इथल्या जुन्या गाड्यावाल्या गोऱ्या आजोबांना बोललो तर असे बघायला लागले की जणू मी गणपतीला पिझ्झ्याचा नैवेद्य दाखवला.

नुसती हौस नाहीये. चावी फिरवली की हल्ली दहातल्या तीन-चार वेळा फक्त टक् आवाज येतो, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) लागतच नाही, परत फिरवली की लागते. म्हणजे स्विचचे कॉन्टॅक्ट गेले असणार, मग म्हटलं स्विच बदलण्यापेक्षा बटनच लावू, चावी फक्त इग्निशनला ठेवू. बोला.

कोथरूडचा_शंकेखोर

नका लावू. एका शब्दात उत्तर संपलं पण राहवत नाही म्हणून लिहितो.

तुमच्या गाडीचा डॅश पत्र्याचा आहे, त्यावर तो काळा खरबरीत सुरकुत्यांचा पेंट आहे, त्यात तुम्ही ड्रिल घालणार? एकदा भोक पडलं की पडलं. उद्या कोणी घेणारा आला की पहिली नजर तिथे जाणार.

आणि दुसरं म्हणजे या गाडीत चावी फिरवणं हे नुसतं चालू करणं नसतं हो. चोक ओढायचा, चावी एक खट् पुढे करायची, मागून पेट्रोल पंप टकटकटक करायला लागतो, तो सावकाश होत थांबला की समजायचं कार्ब्युरेटर भरले, मग दुसरी खट्. एका हातात एका चावीवर हे सगळं होतं. त्याचे दोन तुकडे करून एक चावीला आणि एक बटनाला देणार, कशासाठी? टीव्हीवरच्या रेसिंगवाल्यासारखं वाटावं म्हणून?

पैठणीला झिप लावता येते. लावू नये.

स्पॅनरभाऊ

शंकेखोर साहेब, पंपाची टकटक बटन लावल्यावरही ऐकू येईल की, पंप इग्निशनवर चालतो, सेल्फवर नाही. तो मुद्दा बाद.

बाकी बटन म्हणजे कायतरी आजकालचं फॅड हा गैरसमज आधी काढा. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बटनच बटन होती. जॅग्वार एक्सके १२० ला बटन, ई-टाइपच्या पहिल्या सिरीजला बटन, ट्रायम्फ टीआर३ ला बटन. सुरुवातीच्या मिनीला तर दोन सीटच्या मध्ये खाली फ्लोअरवर होतं. एमजीबीच्या आधीची जी एमजीए, तिला ओढायची नॉब. उलट चावीनेच सेल्फ मारणं हीच तेव्हा नवी सोय होती, लोक म्हणाले असतील काय ही आजकालची पोरं, साधं बटन दाबता येत नाही. आपल्याकडे जुन्या विलीज जीपला पायाने दाबायचा स्टार्टर होता, आमचा मामा चप्पल काढून दाबायचा, का ते देव जाणे.

आणि बर्मिंगहॅमकर, तुमच्या गाडीत बटन आधीपासून आहे!! बॉनेट उघडा, स्टार्टरचा सोलेनॉइड (सेल्फला मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) वेगळा बसवलेला असेल, १९६७ पर्यंतच्या गाड्यांत तसाच असतो. मूळचा असेल तर त्याला रबराची टोपी घातलेलं बटन असतं. ते दाबलं की सेल्फ फिरतो, मेकॅनिकला टॅपेट लावताना इंजिन फिरवायला सोपं जावं म्हणून. फक्त दाबायच्या आधी गिअर न्यूट्रल आहे ना ते दोनदा बघा, आणि बोनेटसमोर उभे राहू नका.

कोथरूडचा_शंकेखोर

ई-टाइपला कारखान्यातून होतं म्हणून ते बरोबर. एमजीबीला अॅबिंग्डनच्या कारखान्यातून नव्हतं म्हणून हे चूक. इतकं साधं आहे. शेजाऱ्याच्या घराला तुळई आहे म्हणून आपण स्लॅबला तुळई चिकटवतो का?

मीरा_लेस्टर

मी चिकटवलीये तुळई 🙂 १९७३ ची बीजीटी (एमजीबीचंच पक्क्या टपाचं रूप), दोन वर्षांपूर्वी साधं बटन लावलं. कारण सांगते. माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे, आणि माझ्या गाडीत चावी स्टीअरिंग कॉलमवर आहे लॉकसकट, ती धरून स्प्रिंगविरुद्ध पिळून तशीच दाबून ठेवायची म्हणजे थंडीत डोळ्यात पाणी यायचं. आता चावी ऑनला नेते, ते हलकं असतं, आणि बोटाने बटन. गाडी विकायचा विचार करत होते तो सोडला. ज्यांना ओरिजिनल ओरिजिनल करायचंय त्यांनी करावं, पण गाडी चालवणाऱ्याचा हात पण गाडीचाच पार्ट असतो.

डॅशला भोक नाही पाडलं. डॅशच्या खालच्या कडेला छोटी पट्टी वाकवून लावली, दोन स्क्रू जे मूळचेच होते त्यातच. उद्या काढली तर कळणारही नाही.

बर्मिंगहॅमकर, तुमच्या १९६६ ला स्टीअरिंग लॉक नसणार, चावी डॅशवरच असेल, त्यामुळे तुमचं काम सोपं. ज्यांच्या गाडीला लॉक आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, बिनचावीचं किट लावताना लॉकची खिट्टी काढून टाका असं त्यात सांगतात. ती नीट न काढता तसंच दडपलं आणि चालत्या गाडीत स्टीअरिंग लॉक झालं तर? मला एका दुकानात हेच किट गळ्यात मारत होते, मी हात जोडले.

न्यूजर्सीचा_निख्या

लोकहो कुठल्या जमान्यात आहात, आता पूर्ण किट मिळतं ना, खिशात टॅग ठेवा, जवळ गेलं की इग्निशन ऑन, बटन दाबा स्टार्ट, काहींना रिमोट स्टार्ट पण असतो म्हणजे घरातूनच गरम करून ठेवा. लावायचंच तर अर्धवट का लावता.

स्पॅनरभाऊ

निख्या भावा, रिमोट स्टार्ट? हातगिअरच्या गाडीला? चोक हाताने ओढायचा असतो, तो काय टॅग ओढणार? आणि गिअरमध्ये उभी असेल तर घरातून बटन दाबलंस की गाडी दारात भेटायला येईल.

शिवाय १९६६ ची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. १९६७ नंतरच्या मार्क टू ला (एमजीबीच्या दुसऱ्या आवृत्तीला) निगेटिव्ह केलं. ही सगळी इलेक्ट्रॉनिक किटं निगेटिव्ह अर्थ धरून बनवतात. सरळ जोडलं तर धूर. आधी गाडीची पोलॅरिटी बदलायची, डायनॅमो पुन्हा पोलराइज करायचा, कॉइलच्या वायरी उलटसुलट करायच्या, आणि हे सगळं कशासाठी तर खिशातून चावी काढायला नको म्हणून. त्यात ते मॉड्यूल बंद गाडीतही थोडा थोडा करंट खात बसतं, हिवाळाभर गाडी झाकून ठेवलीत की मार्चमध्ये बॅटरी मेलेली.

साध्या बटनाला आणि साध्या रिलेला (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, फक्त डायोडवाला रिले घेऊ नका. मीराताईंसारख्या नंतरच्या गाडीत स्टार्टर प्री-एंगेज्ड असतो (दाते आधी अडकतात, मग मोटर फिरते), त्याचा सोलेनॉइड सुरुवातीला चांगलाच करंट ओढतो, तिथे बटन आणि सोलेनॉइडच्या मध्ये रिले हवाच, नाहीतर बटनाचे कॉन्टॅक्ट जळतील.

नाशिकचा_द्राक्षवाला

माझा अनुभव लिहितो, स्पोर्ट्स कार नाही, स्टँडर्ड हेराल्ड, तरी पण बोध घ्या म्हणणार नाही, नुसतं वाचा.

एका गॅरेजवाल्याकडून असंच बटन लावून घेतलं. सुंदर लावलं, पितळी, दिसायला एकदम झकास. गाडी अंगणात उभी, पहिल्या गिअरमध्ये, कारण हँडब्रेकवर भरवसा नव्हता. चावी माझ्या खिशात. भाचा, वय वर्षं सहा, आत बसून ड्रायव्हर ड्रायव्हर खेळतोय. मी ओट्यावर चहा पितोय. एकदम घर्र्र आवाज, गाडीने उडी मारली, थांबली, परत घर्र्र, परत उडी, आणि तुळशीवृंदावनाला जाऊन टेकली. पोरगं खुश, त्याला वाटलं आपण चालवली. इंजिन चालूच नव्हतं हो, नुसत्या सेल्फवर गाडी चालली! आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. वृंदावन परत बांधून दिलं, बंपर अजून वाकडा आहे.

झालं असं होतं की त्याने बटनाला करंट सरळ बॅटरीवरून घेतला होता, चावीचा संबंधच नाही. इग्निशनच्या पुढून घ्यायला पाहिजे होता. आता तसं करून घेतलंय. म्हणून मी ना विरोधात ना बाजूने, पण ज्या घरात लहान पोरं येतात तिथे विचार करा.

स्पॅनरभाऊ

बरोब्बर. ब्रिटिश वायरिंगमध्ये तपकिरी वायर कायम जिवंत, पांढरी इग्निशन ऑन झाल्यावर, आणि पांढरी-लाल जाते सोलेनॉइडला. बटनाची एक बाजू पांढरीवर, दुसरी पांढऱ्या-लालवर. तपकिरीवर घेतली की वृंदावन.

कोथरूडचा_शंकेखोर

बघा, मी म्हणत होतो. चावीने हे झालं असतं का? चावी खिशात म्हणजे गाडी बंद, विषय संपला, ही अक्कल त्या चावीत आहे. बटनात ती अक्कल वायरमनने घालायची, आणि वायरमन कसा निघेल कोण सांगणार.

अजून एक. जुन्या एमजीबीचा स्टार्टर इनर्शियावाला. फिरायला लागला की पिनियन उडी मारून फ्लायव्हीलच्या दात्यांत जातं, म्हणून तो ठण्ण आवाज. इंजिन पकडता पकडता सुटलं आणि अजून हेलकावे खात असताना परत सेल्फ मारला की दाते खातात. चावी परत मागे आणून पुन्हा फिरवायला निदान एक श्वास लागतो. बटनावर बोट तसंच असतं, दाब दाब दाब, लिफ्टच्या बटनासारखं. रिंग गिअर बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, मग कळेल हौसेची किंमत.

मीरा_लेस्टर

हा मुद्दा खरंच चांगला आहे, मान्य. माझा स्टार्टर वेगळा म्हणून हे डोक्यात आलं नव्हतं. तरी दाब दाब दाब न करण्याइतकी अक्कल बोटात असते हो काका, सगळीच चावीत नसते.

गोवेकरीण

कायद्याचं कोणी बोललंच नाही. भारतात २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर करता येते, व्हीए वाली नंबर प्लेट, नवीन नोंदणीला २० हजार, नंतर रिन्यूला ५ हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, मोठे बदल केलेले नकोत. एक बटन म्हणजे मोठा बदल नाही असं मला वाटतं, पण तपासणीला जो बसेल त्याला काय वाटेल? मी म्हणून आमच्या गाडीला हात लावत नाही.

बर्मिंगहॅमकर

इथे ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी (गाडीची दरवर्षीची तपासणी) आणि रोड टॅक्स माफ आहे, एमओटीची माफी मोठे बदल केलेले नसले तरच, पण ते चेसिस, अॅक्सल, इंजिन असल्या गोष्टींबद्दल. बटनाचं कोणी विचारत नाही. इन्शुरन्सवाल्यांना कळवेन.

वाचून मत अजून तेच आहे. पट्टीवर लावणार, भोक नाही, पांढरीवरून करंट. शंकेखोर काका रागावू नका.

स्पॅनरभाऊ

थांबा, लावायच्या आधी एक विचारतो, पहिल्या पोस्टपासून डोक्यात घोळतंय. सेल्फ मारताना तुमची चोकची नॉब गरम लागते का?

बर्मिंगहॅमकर

हो!! तुम्हाला कसं कळलं? परवा तर चटका बसला. मला वाटलं इंजिनची धग केबलमधून येते.

स्पॅनरभाऊ

थंड इंजिनची कसली धग. इंजिन ते बॉडी जी अर्थची जाड पट्टी असते ती गेलीये किंवा गंजलीये. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, त्याला परत जायला रस्ता नाही, मग तो बिचारा चोकच्या केबलमधून जातो. स्विच बदला, बटन लावा, काहीही करा, टक् आवाज येतच राहणार. मीटर घ्या, एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, एक बॅटरीच्या प्लसला, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर तिथेच घोळ. आणि सीटच्या मागे फळीखाली त्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, दोघींची टर्मिनलं पण घासा.

बर्मिंगहॅमकर

आज केलं. बायको सेल्फवर, मी मीटर धरून ओणवा. दीड व्होल्ट! गाडीखाली गेलो तर पट्टीचे निम्मे तार तुटलेले आणि बोल्टखाली गंजाची पोळी. नवीन पट्टी लावली, पत्रा घासून चकचकीत केला. चावी फिरवली, पहिल्या फटक्यात ठण्ण आणि चालू. वीस वेळा बंद-चालू केली, एकदाही टक् नाही. नॉब थंडगार. भाऊ, दंडवत.

कोथरूडचा_शंकेखोर

म्हणजे आता बटनाची गरज उरली नाही. धागा बंद करायला हरकत नसावी.

बर्मिंगहॅमकर

काका, बटन बुधवारीच मागवलंय. उद्या येतंय.