पहिली दुर्बीण : १३० पटीला गुरू धूसर का दिसतो?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

१३० मिमी आरशाची, ६५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण घेतली आहे, साध्या डॉब्सोनियन बैठकीवर (वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने फिरणाऱ्या). २५ मिमीच्या आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून), म्हणजे २६ पटीला, चंद्राची विवरं आणि मृगातला तेजोमेघ सुरेख दिसतात. कृत्तिका तर जेमतेम एका दृश्यात मावतात आणि घरचे सगळे बघायला रांग लावतात! १० मिमीतून गुरूचे चार चंद्र आणि दोन पट्टेही दिसतात. पण त्याला दुपटीची बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावून १३० पट केली की गुरू पाण्यातल्या नाण्यासारखा हलतो, फोकस पक्का बसतच नाही.

व्याधाचा तारा मुद्दाम फोकसबाहेर नेऊन पाहिला. वर्तुळातला काळा ठिपका मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला आहे. म्हणजे आरसे जुळवायला हवेत, हे पटतंय. मुख्य आरशामागचे तीन स्क्रू फिरवायची तयारी आहे, दुय्यम (नळीच्या तोंडाजवळच्या लहान) आरशाला हात लावायची मात्र भीती वाटते. लेझर कॉलिमेटर (आरसे जुळवायचं लेझर उपकरण) घ्यावा, की मधोमध भोक पाडलेलं झाकण पुरेल?

की दोष पुण्यातल्या गच्चीचा? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम असतो, त्यावरची हवा हलत राहते. दुर्बीण थंड व्हायला बाहेर किती वेळ आधी ठेवता?

आणखी एक, पावसाळ्यात आरशावर बुरशी येऊ नये म्हणून काय करता? सिलिका जेल नळीतच ठेवायचं का? कोकणातल्या मंडळींनी आवर्जून सांगा.