झेंडावंदनाच्या फोटोखाली: वेगळा विदर्भ झाला तर?

परब, सेक्रेटरी (ए-५०२), सकाळी ९:१२
सर्व सभासदांना महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. झेंडावंदनाचे फोटो टाकले आहेत. या वेळी तरुण मंडळी फारच कमी दिसली.

राहुल वानखडे (सी-११०४), ९:३१
परब काका, मी मुद्दामच खाली आलो नाही. कुणाचा गैरसमज नको म्हणून कारण सांगतो. आमच्या अकोल्याच्या घरी १ मे कधी साजरा होत नाही. आजोबा या दिवशी दाराला काळी फीत बांधायचे. विदर्भवादी लोक आजही हा काळा दिवस पाळतात.

सावंत काका (बी-३०१), ९:४०
राहुल, तू भला मुलगा आहेस, पण हे वाचून पोटात कालवलं. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी लाठ्या खाल्ल्या. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, तेव्हा त्यांच्या खात्यातला माणूस घरी परत आला नाही. शंभरावर माणसं गेली तेव्हा हे राज्य मिळालं. ते मोडायचं म्हणतोस?

राहुल वानखडे, ९:५८
काका, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. हुतात्म्यांबद्दल माझ्या मनात काही वावगं नाही. पण ते लढले ते प्रामुख्यानं मुंबईसाठी. आम्हाला कुणी विचारलं होतं? १९५५ ला राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा अशी शिफारस केली होती. ती बाजूला ठेवली. त्याआधी १९५३ ला नागपूर करार झाला. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्यांत वाटा, नागपूरला अधिवेशन असं सगळं कबूल केलं. त्यातलं हिवाळी अधिवेशन तेवढं ठळकपणे पाळलं जातं.

राहुल वानखडे, १०:०३
आणि आपली सोसायटी उभी आहे ती गिरणीच्या जागेवर. इथल्या गिरण्यांना लागणारा कापूस आमच्या वऱ्हाडातूनही यायचा. शेजारच्या स्टेशनचं नावच कॉटन ग्रीन आहे. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. राख आणि ४६-४७ डिग्री चंद्रपूरला, वीज साऱ्या राज्याला. माझे बाबा रात्री २ वाजता पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, पाणी द्यायला उठतात, कारण शेताला लाइन तेव्हाच असते. वावरात साप असतो, रानडुक्कर असते.

दीपाली कदम (ए-८०४), १०:१०
पण राहुल, वसंतराव नाईक पुसदचेच ना? ११ वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते. कन्नमवार, सुधाकरराव नाईक, फडणवीस, सगळे तुमच्याकडचे. मग दोष आमच्या सातारा-सांगलीवर का?

राहुल वानखडे, १०:१४
ताई, २८८ मध्ये आमचे आमदार ६२. एक माणूस खुर्चीवर बसला म्हणून बजेट आमचं होत नाही. दांडेकर समितीनं १९८४ ला अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागे राहिला ते, मोजून दिला. त्यानंतर मागे पडलेल्या भागांसाठी वैधानिक विकास मंडळं आली, १९९४ ला. त्यांची मुदत कधी संपली माहीत आहे? ३० एप्रिल २०२० ला. महाराष्ट्राला ६० वर्षं पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. मुदतवाढ दिली नाही.

येमुल (डी-२०२), १०:४७
मी तेलुगू पद्मशाली, तीन पिढ्या मुंबईत, म्हणून बोलतो. आमचं मूळ गाव सिरसिल्ल्याजवळ. तेलंगणा २ जून २०१४ ला झाला तेव्हा माझ्या मामानं मागावरून उठून फटाके लावले. खोटं नाही सांगत, फरक पडला. शेतीला २४ तास वीज आली. शेतकऱ्यांसाठीच्या रयतु बंधू योजनेचे एकरी ४,००० रुपये हंगामाला खात्यात येऊ लागले. बतुकम्मा सणाला वाटायच्या साड्यांची ऑर्डर सरकारनं सिरसिल्ल्याच्या मागांना दिली, २०१७ पासून. ज्या गावात विणकर गळफास घेत होते तिथे माग रात्रपाळीत चालले.
पण २०२३ ला सरकार बदललं आणि ते साडीवाटप थांबलं. मामेभावाचे माग थंड पडले. राज्य आलं, तरी मागाची चावी विणकराच्या हातात आली नाही.

येमुल, १०:५१
आणखी एक, राहुलसाठी. नव्या तेलंगणानं कालेश्वरम् सिंचन प्रकल्प बांधला. त्याचा मेडीगड्डा बंधारा गोदावरीवर आहे, अलीकडच्या तीरावर तुमचा सिरोंचा. आपल्या हद्दीतले शेतकरी ओरडत राहिले की बंधाऱ्यामुळे आमची शेतं पाण्याखाली जातात. आणि ऑक्टोबर २०२३ ला त्या बंधाऱ्याचे खांबच खचले.

दळवी (बी-९०१), ११:२०
मी सध्या जहाजावर आहे, नेट आलं की वाचतो. पोर्ट सुदानला तेल भरायला गेलोय, म्हणून सांगतो. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र देश झाला. त्याआधीच्या सार्वमतात जवळजवळ ९९ टक्के मतं स्वातंत्र्याला पडली होती. विहिरी बहुतेक दक्षिणेत, पण त्यांना समुद्र नाही. पाइपलाइन उत्तरेतून जाते. भाड्यावरून भांडण झालं आणि जानेवारी २०१२ ला त्यांनी आपलंच तेल बंद केलं. डिसेंबर २०१३ ला राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले रिएक माचार यांचं फाटलं, यादवी पेटली. ज्यांनी एकत्र लढून देश मिळवला तेच एकमेकांवर उठले.

राहुल वानखडे, ११:२६
दळवी साहेब, आम्ही देश नाही मागून राहिलो, राज्य मागतोय. घटनेच्या चौकटीत. तिथला रक्तपात आमच्या मागणीला जोडू नका, मनाला लागते.

दळवी, ११:३१
मान्य. तुलना तेवढी नव्हती. शब्द मागे घेतो.

मंजूषा बोरकर (सी-४०३), दुपारी ४:०५
सकाळपासून वाचतेय. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

माझं माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातलं, झाडीपट्टीतलं. आमच्याकडे कापूस नाही, धान. गावाला मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत, कित्येक गोंड राजांच्या काळापासूनचे. मालगुजाराच्या काळात पाणी त्याच्या मर्जीनं सुटायचं. त्याचा जाच होता, वेठ होती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली तेव्हा गावात तीन दिवस ढोल वाजला असं आजोबा सांगायचे. वाजायलाच हवा होता.

तलाव सरकारचे झाले. त्यानंतर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, खेकड्यानं बीळ पाडलं तरी अर्ज, गाळ काढायचा तरी अर्ज. पूर्वी वैशाखात सारं गाव टोपली-फावडं घेऊन तलावात उतरायचं, ते हळूहळू थांबलं, कारण तलाव आता ‘त्यांचा’ होता. मी शाळेत होते तेव्हा मधोमध पोहताना पाय टेकायचा नाही. आता मार्च लागला की तिथं म्हशी उभ्या असतात, पोटाला पाणी लागत नाही. मालक बदलला, गाळ तसाच. सकाळपासून ‘राज्य’ हा शब्द वाचतेय आणि डोळ्यांपुढे तो तलाव येतोय.

सावंत काका, तुम्हाला दुखवायचं नाही, पण राहुल सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या भागात गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींनी केलं, २२ एप्रिल १९८८ ला. बाबा गावच्या माणसांबरोबर ट्रकमध्ये उभ्यानं गेले होते. परत आल्यावर त्यांनी अंगणात काडीनं कालवा काढून दाखवला, इथून येईल, इथून वळेल. अंदाज ३७२ कोटींचा होता, अडीच लाख हेक्टर भिजायचं होतं. पुढं तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. बाबा गेले त्यालाही आता १४ वर्षं झाली. तेव्हा ‘तुमचे मुख्यमंत्री होते ना’ हे मुंबईत बसून म्हणू नका, दीपाली. तू मनात काही ठेवून म्हणाली नाहीस, ठाऊक आहे मला. पण आमच्याकडे ते वाक्य जखमेवर मीठ चोळल्यासारखं लागतं.

आता राहुल, तुझ्याशी. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. गडचिरोली १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला. तेव्हाही हेच म्हणत होते, कचेरी जवळ आली की प्रश्न सुटतील. काही सुटले, खोटं का बोलू. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटायचं, ते जिल्हा झाल्यावरही वर्षानुवर्षं तुटतच राहिलं. आणि आमचं ब्रह्मपुरी? ते आजही वेगळा जिल्हा मागतंय. नागपूर राजधानी झाली तर भामरागडला ती मुंबईपेक्षा जवळ पडेल, पण तिथल्या बाईला दोन्हीकडे एक दिवसात जाऊन येता येत नाही.

मेंढा-लेखाचं नाव ऐकलं असशील, धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. २००९ ला त्यांना जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच. त्यासाठी भांडले, आणि २०११ ला परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मी ते गाव पाहिलंय. निर्णय मतदानानं नाही, सगळ्यांचं जुळेपर्यंत बसून. एका माणसाचा ‘नाही’ असला तरी थांबतात. त्यासाठी वेगळं राज्य लागलं नाही, २००६ चा वनहक्क कायदा लागला आणि न दमणारी माणसं लागली.

तू म्हणशील, बांबू ठीक आहे, पण कापसाचा भाव, विजेचं वेळापत्रक, कालव्याचा पैसा ग्रामसभा कसा ठरवेल? बरोबर आहे. त्याला राज्यच लागतं. म्हणून मी वेगळ्या विदर्भाच्या विरोधात नाही. मत घेतलं तर कदाचित हो म्हणेन. पण नागपूर करारासारखं ‘प्रमाणात देऊ, वाटा देऊ’ असं मोघम पुन्हा नको. तलाव गावाचा, गाळ काढायला कुणाची सही नको, पाटाच्या पाण्याची पाळी पाणीवापर संस्था ठरवेल, खाणीच्या पैशातला वाटा थेट त्या तालुक्याला, हे पहिल्या दिवशी कायद्यात हवं. नाहीतर मुंबईची फाइल नागपूरला जाईल, एवढंच.

राहुल वानखडे, ४:३८
काकू, दोनदा वाचलं. एक विचारू? समजा राज्य न होता हे सगळं मागितलं, तर आजवर दिलं काहून नाही? ७० वर्षं मागतोच आहोत. देणारा हात दूर असला की मागणाराच थकतो. जवळच्या सरकारला निदान घेराव घालता येते.

मंजूषा बोरकर, ४:४४
याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही रे. घेरावाचं तू म्हणतोस ते खरंच आहे. मुंबईला मोर्चा आणायचा तर आमच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि रेल्वेचा डबा. नागपूरला एसटीनं जाऊन रात्री परत येता येतं.

येमुल, ४:५२
आमच्याकडे तेच झालं. हैदराबाद जवळ होतं म्हणून आंदोलन पेटलं. नंतर तेच हैदराबाद सगळं ठरवू लागलं. मंजूषाताई म्हणतात ते आम्ही तेव्हा कागदावर मागायला हवं होतं.

सावंत काका, ५:३०
राहुल, विकास मंडळांची मुदत २०२० ला संपली हे मला माहीत नव्हतं. पेपर रोज वाचतो, तरी नजरेतून सुटलं. वडील असते तर म्हणाले असते, कबूल केलंय तर दिलं पाहिजे. राज्य मोडावं असं मला आजही वाटत नाही. पण तू खाली आला नाहीस याचा राग आता नाही.
संध्याकाळी येतोस का घरी? तुझे बाबा रात्री पाणी द्यायला जातात, त्यांच्याशी फोनवर बोलायचंय मला.

राहुल वानखडे, ५:३३
येतो काका. ८ नंतर लावू फोन, तेव्हा ते जेवायला घरी असतात. आज लाइन १२ वाजता आहे.