क्विझमधला तो एक गुण

मधुरा (बी-४०४): सोसायटीची कालची क्विझ छान झाली, मेहनत घेणाऱ्यांचं मनापासून कौतुक. पण आमच्या टीमचा हक्काचा एक गुण गेला, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्रश्न होता, जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडमधल्या कोणाचा सोलो अल्बम सगळ्यात आधी आला? मी म्हटलं, गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेट. प्रसादच्या कार्डावर गायक पीटर गॅब्रिएल, १९७७! हॅकेटचा 'व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट' १९७५चा आहे.

प्रसाद (ए-१०२): मधुराताई, प्रश्नाचा रोख बँड सोडून गेलेल्यांवर होता. गॅब्रिएल १९७५ला बाहेर पडला. हॅकेट १९७७पर्यंत आतच होता. एकाच घरात राहून वेगळी चूल मांडली तर तिला वेगळं म्हणायचं का?

मधुरा (बी-४०४): रोख कार्डावर लिहिलेला नव्हता.

कुलकर्णी काका (सी-५०१): मुळात जेनेसिस म्हणजे गॅब्रिएल. १९६७ला चार्टरहाउस शाळेतल्या पोरांनी काढलेला बँड. 'सपर्स रेडी' हे गाणं एकटं तेवीस मिनिटांचं. तो गेला, विषय संपला. पुढचं सगळं रेडिओसाठी.

संदीप (डी-२०३): आलं काकांचं सुरू 😄 अहो, गायक शोधून दमले तेव्हा ड्रमर फिल कॉलिन्सच माइकपुढे उभा राहिला. अल्बम 'अ ट्रिक ऑफ द टेल', १९७६. बुडणार म्हणत होते, बँड उलट मोठा झाला.

कुलकर्णी काका: मोठा होणं आणि चांगला होणं यात फरक असतो. आपल्या कमिटीलाही हे लागू आहे.

सेक्रेटरी: काका, आदरपूर्वक सांगतो, टोमणे मीटिंगमध्ये मारावेत. ऑडिट झालेलं आहे.

संदीप: जुलै १९८६, अमेरिकेत जेनेसिसचं गाणं 'इन्व्हिजिबल टच' पहिल्या नंबरवर. एवढंच म्हणतो.

कुलकर्णी काका: आणि त्याला तिथून खाली कोणी खेचलं तेही म्हण की. 'स्लेजहॅमर'. गॅब्रिएल!!

संदीप: 🙏 हे मात्र खरं.

मधुरा: व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट. १९७५. त्यावर जेनेसिसचेच कॉलिन्स आणि बास वाजवणारा माइक रदरफर्ड दोघंही वाजवतात. म्हणजे बँडमधल्यांना ठाऊक होतं, आपल्या क्विझमास्तरांनाच नव्हतं.

प्रसाद: ताई, पन्नास प्रश्न मी एकट्याने काढले. मदतीला या म्हणून ग्रुपवर तीनदा विचारलं होतं. तेव्हा कोणाचा अंगठासुद्धा आला नाही.

नीता काकू (सी-४०१): विषय संगीताचा निघालाच आहे तर विचारते. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी ड्रम वाजतात त्याचं काय?

आर्य (सी-५०२): काकू सॉरी, आठला बंद करतो.

नीता काकू: आठ पंचवीस, बाळा. झांजांनी तर कपाळ उठतं.

संदीप: आर्य, तुझ्यासाठी एक गोष्ट. गॅब्रिएलच्या १९८०च्या अल्बमवर 'इंट्रूडर' गाण्याला कॉलिन्स ड्रमवर होता. गॅब्रिएलची अट, झांजा अजिबात नकोत. इंजिनिअर ह्यू पॅडगम. ड्रमरचं बोलणं ऐकायला लावलेल्या माइकमधून तो आवाज अफाट दणदणीत आला आणि सगळे चाटच पडले. मग घुमणारा आवाज मध्येच गेटने (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की बंद करणारं यंत्र) कापून टाकला. खोली दणाणते आणि पुढच्या क्षणी चिडीचूप. हाच आवाज कॉलिन्सने १९८१ला 'इन द एअर टुनाइट'मध्ये नेला. ऐंशीच्या दशकातली निम्मी गाणी त्याचीच नक्कल करत होती.

नीता काकू: दणाणणं नको, चिडीचूपच पाठवा.

खजिनदार: सगळ्यांची नावं झाली, टोनी बँक्सचं कोणी घेतलं? पहिल्या दिवसापासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत कीबोर्डवर तोच. सोलो अल्बम काढले, ऑर्केस्ट्रासाठी 'सेव्हन' लिहिलं, पण गर्दी कधी वळलीच नाही. रदरफर्डने 'माइक अँड द मेकॅनिक्स' हा बँड काढला तर त्यांचं गाणं 'द लिव्हिंग इयर्स' १९८९ला अमेरिकेत पहिलं. काम करणाऱ्याचं असंच होतं. मेंटेनन्सचे सात जण अजून बाकी आहेत, जाता जाता.

संदीप: खजिनदार = बँक्स 😂

मधुरा: २०१४ला बीबीसीने जेनेसिसवर माहितीपट केला, त्यात हॅकेटच्या सोलो कामाला जागाच नव्हती. त्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या क्लबहाउसात कालही तेच. व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट, १९७५.

सेक्रेटरी: ताई, वाचलं सगळ्यांनी.

कुलकर्णी काका: २६ मार्च २०२२, लंडन, शेवटचा कार्यक्रम. कॉलिन्स खुर्चीत बसून गातोय, ड्रमवर मुलगा निक. गॅब्रिएल प्रेक्षकांत. मंचावर बोलवायला काय झालं होतं?

संदीप: काका, सत्तेचाळीस वर्षांनी? गेल्या निवडणुकीपासून तुम्ही जुन्या सेक्रेटरींशी लिफ्टमध्ये तरी बोलता का?

(कुलकर्णी काकांनी हा मेसेज डिलीट केला आहे)

नीता काकू: वाचला मी. शोभत नाही हं.

मधुरा: आणि जुनी गाणी घेऊन आजही दौरे कोण करतं? हॅकेट.

प्रसाद: बरं. अर्धा गुण देतो. विषय संपवू.

मधुरा: आम्ही एका गुणाने हरलो. अर्ध्याने बरोबरीसुद्धा होत नाही. पूर्ण द्या.

प्रसाद: मग ए विंगची ट्रॉफी परत मागायची? ती सेक्रेटरींच्या घरी आहे.

सेक्रेटरी: ट्रॉफी कपाटात ठेवून झाली. मीटिंगमध्ये बघू.

आर्य: संदीपदादा, झांजा काढल्या. आता नुसते ड्रम. काकू, बरं वाटतंय का?

नीता काकू: आर्य, खाली ये. आईलाही घेऊन ये.