मदत हवी आहे: ज्या मुलाचा खर्च उचलला, तो आता वसतिगृहात नाही म्हणतात

माळावरची
कोल्हापुरातल्या जुन्या वसतिगृहांची माहिती असणारं कुणी आहे का इथं? उत्तर लवकर हवंय. गेल्या जूनमध्ये मी एका मुलाचा वर्षाचा खर्च उचलला. पैसे भरले, पावती आली, दिवाळीआधी त्याचं पत्रही आलं. परवा पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे म्हणून फोन केला तर म्हणाले, "तो मुलगा आता आपल्याकडं नाही, तुमची रक्कम दुसऱ्या मुलाकडं वळवली आहे." कधी गेला, का गेला, कुणीच धड सांगत नाही. पत्ताही देत नाहीत. मग ते पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात त्याचं स्वतःचं असं एक वाक्य नाही. हा मुलगा खरंच होता का, इथपर्यंत मनात येऊन गेलं. १५ जूनच्या आत पैशांचं ठरवायचं आहे. अशा वेळी काय करतात?
(मुलाचं नाव-गाव लिहिलं होतं, खालच्या सूचनेनंतर काढलं आहे.)

हिशेबाची वही
पावती कुणाच्या नावाची? पावतीवर "विद्यार्थी पालकत्व" लिहिलंय की "सर्वसाधारण देणगी"? रोख दिले होते का? २००० रुपयांवर रोख दिलं असेल तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर तसंही नाही.

माळावरची
सवलतीबद्दल मी विचारलेलंच नाही. ऑनलाइन भरले. पावती वडिलांच्या नावाची आहे.

हिशेबाची वही
म्हणजे पैसे वडिलांच्या खात्यातून गेले?

माळावरची
नाही हो. वडील गेल्या मेमध्ये गेले. आठवी ते अकरावी ते याच वसतिगृहात होते, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ. पैसे माझ्या इथल्या खात्यातून.

गडहिंग्लजकर
इथल्या म्हंजे कुठल्या?

माळावरची
मस्कतच्या. त्यानं काय फरक पडतो?

हिशेबाची वही
फरक पडतो, आणि हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. पासपोर्ट भारतीय असेल तर तुमच्या स्वतःच्या बचतीचे पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर मात्र संस्थेकडे परदेशी देणगीची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जावे लागतात. पासपोर्ट कुठला?

माळावरची
भारतीय. आता मुलाबद्दल कुणी बोलेल का?

दुधाळीची ताई
मी बोलते. आधी त्या मुलाचं नाव आणि गाव वर लिहिलंय ते काढा. तुमचा हेतू चांगला आहे, पण हा चव्हाटा आहे. उद्या त्याच्या वर्गातलं कुणी वाचेल.
दुसरं, ते बालगृह आहे की बोर्डिंग? बालगृहातली मुलं बालकल्याण समितीच्या आदेशानं येतात आणि आदेशानंच जातात. त्यांची ओळख उघड करायला कायद्यानंच बंदी आहे, त्यामुळं तिथं पत्ता मिळणारच नाही आणि मिळूही नये. बोर्डिंगात पालक आणून सोडतात, पालक घेऊन जाऊ शकतात. तिथं निदान "घरी गेला" एवढं तरी सांगायला हरकत नसावी.

माळावरची
नाव काढलं. चुकलं माझं. बोर्डिंग आहे. शाळा जवळच आहे, मुलं चालत जातात.

तालमीजवळचा
ताई, कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, जैन बोर्डिंगही त्याच सालचं. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात उभं राहिलं तरी हा इतिहास डोळ्यांपुढं येतो. आणि महाराजांनी एकेका पोराला एकेक दाता शोधला नाही. जागा दिल्या, इमारती दिल्या, दरबारातून अनुदान लावून दिलं. मुलगा कुठलाही येवो, चूल पेटलेली पाहिजे. मला विचाराल तर "माझा मुलगा" हा हट्टच सोडा आणि पैसे सर्वसाधारण निधीत द्या.

गडहिंग्लजकर
इतिहास पाठ हाय आम्हाला. ताईंचा प्रश्न १९०१ चा न्हाई, परवाचा हाय. पैसे एका पोराच्या नावानं घेतले, पोरगं गेलं, तर कळवायला नको? एक फोन करायला काय जातंय? मी असतो तर सरळ धर्मादाय कार्यालयात गेलो असतो. न्यासाची हिशेबपत्रकं तिथं अर्ज करून बघता येतात.

तालमीजवळचा
कळवायला हवं होतं, कबूल. पण लगेच धर्मादायला? शंभर पोरांचं दोन वेळचं बघणाऱ्या माणसांवर थेट संशय?

गडहिंग्लजकर
संशय न्हाई, हिशेब. दोन्हीत फरक असतोय.

माजी गृहपाल
मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात १४ वर्षं काम केलं आहे, म्हणून लिहितो. दाते येतात आणि पाचवीचा मुलगा मागतात. लहान, चुणचुणीत, शक्यतो अनाथ. नववीतल्या मिसरूड फुटलेल्या मुलाला कुणी विचारत नाही. खरी गळती तिथंच होते. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार द्यायला कुणी येत नाही, संडासाची टाकी उपसायला तर नाहीच. आम्ही पालकत्वाचे पैसे एकत्रच वापरायचो आणि अर्जाच्या तळाला तसं छापलेलं असायचं. तुमचा अर्ज पुन्हा वाचून बघा. मात्र मुलगा गेला तर दात्याला पत्र टाकायचं, हा आमचा नियम होता. तिथं ते चुकले आहेत.

माळावरची
अर्ज पाहिला. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलंय खरं. पैशांचं मला खरंच काही वाटत नाही, वळवले तर वळवले. तो कुठं आहे एवढंच मला कळायला हवंय. सातवीत होता. मला दुसरं कुणी "त्याच्याऐवजी" नको आहे.

पुतण्याचा काका
याच विषयाशी संबंधित म्हणून विचारतो. माझ्या पुतण्याला सहावीत टाकायचं आहे, अभ्यासात बरा आहे, मोबाइल फार बघतो. कोल्हापुरात शिस्तीचं हॉस्टेल सांगा. फीची अडचण नाही.

दुधाळीची ताई
काका, वेगळा धागा काढा.
माळावरची, माझं मत थोडं निराळं आहे. मूल घरात राहू शकत असेल तर मदतही घरातच पोचावी. शासनाची बालसंगोपन योजना त्यासाठीच आहे, एका मुलाला महिन्याला २२५० रुपये. एक पालक असलेली मुलं, आई-वडील गंभीर आजारी असलेली मुलं त्यात बसू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, निर्णय बालकल्याण समितीचा. वसतिगृहाच्या दारात पोचलेली कितीतरी मुलं या पैशात घरी राहिली असती.

तालमीजवळचा
आणि शाळा? वाडीवर सातवीनंतर शाळा कुठं असते, ताई? म्हणून तर बोर्डिंगं. कर्मवीर भाऊराव इथल्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. त्यांनी पुढं साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, तिथल्या पोरांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. घरात भागत असतं तर कशाला मोडलं असतं?

दुधाळीची ताई
लक्ष्मीबाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मी बोर्डिंगं बंद करा असं म्हटलेलं नाही.

कॉट नंबर १७
मी पाचवी ते दहावी कोल्हापुरात बोर्डिंगात होतो. कुठल्या ते सांगत नाही. ताई, तुमच्या पत्राबद्दल सांगतो.
आमचे सर फळ्यावर मजकूर लिहायचे. "शि. सा. न. वि. वि." पासून "आपला आज्ञाधारक" पर्यंत. आम्ही सगळे तो उतरवून काढायचो. रिकाम्या जागा तीनच, नाव, इयत्ता आणि आवडता विषय. एकदा मी समासात बैल काढला तर पान फाडून पुन्हा लिहायला लावलं. तेव्हा पत्रात मुलगा दिसत नाही म्हणून मुलगाच नाही असं समजू नका.
माझ्या ताटावर एका आजींचं नाव कोरलेलं होतं, "कै." आणि "यांच्या स्मरणार्थ" सकट. सहा वर्षं मी त्या ताटात जेवलो. अक्षरांच्या खाचांत आमटीचा पिवळेपणा राहायचा, तो मी राखेनं काढायचो. ताट दुसऱ्याकडं गेलं तर भांडायचो. त्या आजी कोण, मला अजून माहीत नाही. तिथीभोजनाला माणसं यायची तेव्हा मात्र फोटो होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. जिलबीवर माशा बसायच्या, भात गार व्हायचा. त्या माणसांतलं एकही नाव आज आठवत नाही.
पोरं जातात, ताई. दिवाळीच्या सुट्टीला जातात ती येतच नाहीत. माझ्या शेजारच्या कॉटवरचा तसाच गेला. त्याची ट्रंक कॉटखाली राहिली, कुलूप लावलेली. किल्ली त्याच्या करदोड्याला असायची. वार्षिक परीक्षा झाली तरी ट्रंक तिथंच. झाडणारा ती झाडूनं इकडं सारायचा, तिकडं सारायचा.
तुम्ही त्यांना पैशांचं विचारू नका, पत्ताही मागू नका. एवढंच विचारा, "त्यानं ट्रंक नेली का?" कुणी त्याच्या घरी जाऊन आलं असेल तर उत्तर लगेच मिळेल. नसेल, तर तेही कळेल.

गडहिंग्लजकर
भावा, वाचून पोटात कालवलं.

माजी गृहपाल
बरोबर प्रश्न आहे. आणि फोन कार्यालयात करू नका, गृहपालांना मागा. कार्यालयात पावत्या असतात, ट्रंका नसतात.

माळावरची
फोन केला. गृहपालांनी आधी "बघून सांगतो" म्हटलं. तासाभरानं त्यांचाच फोन आला. ट्रंक आहे. दिवाळीपासून आहे. त्याच्या घरी कुणीही गेलेलं नाही.
माणूस वाईट वाटला नाही. आवाज पडला होता त्यांचा. म्हणाले, नवीन आहे, आधीचे गृहपाल सोडून गेले त्यात हे राहून गेलं. मी रागावायचं ठरवून बसले होते, ते काही जमलं नाही.

पुतण्याचा काका
वरच्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

माळावरची
चार दिवसांनी लिहितेय. गृहपालांनी गावातल्या शाळेत फोन करून शोध घेतला. मुलगा घरीच आहे. वडील ऊस भरताना ट्रॉलीवरून पडले, पाय मोडला, म्हशी बघायला घरात दुसरं कुणी नाही. दिवाळीपासून शाळा नाही. परत यायचं का असं त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही. दुधाळीची ताई, योजनेचं गृहपालांच्या कानावर घातलंय, बसतंय का ते समिती सांगेल. पुढच्या वर्षाचे पैसे मी भरले. सर्वसाधारण निधीत. त्याची जागा मात्र जूनभर ठेवा असं सांगितलं, ते हो म्हणाले.
रविवारी गृहपाल स्वतः ट्रंक घेऊन जाणार आहेत. मी म्हटलं, कुलूप तोडू नका.

हिशेबाची वही
पावतीवर आता वडिलांच्या नावाआधी "स्मरणार्थ" घालून घ्या. देणारं नाव तुमचं.

कॉट नंबर १७
ट्रंकेत काय निघालं ते इथं लिहू नका. शाळेत गेला का, तेवढं सांगा.

माळावरची
१५ तारखेला कळवते.