प्रतिसाद: नरक्याच्या पानांचा अर्क आणि बुरशी
नरक्या या झाडाच्या पानांच्या अर्काभोवती कॅन्डिडा या बुरशीची वाढ थांबून स्वच्छ वर्तुळ दिसले, म्हणजे बुरशीवरचे औषध सापडले, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. वर्तुळाचा व्यास संयुग अगारमध्ये (बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमात) किती सहज पसरते यावरही अवलंबून असल्यामुळे, पाण्यात जेमतेम विरघळणारे प्रभावी संयुगही तेथे दुबळे दिसू शकते. म्हणून वाढ रोखणारी किमान मात्रा द्रव माध्यमात मोजावी आणि अर्क ज्यात विरघळवला त्या नुसत्या द्रावकाची चाचणीही शेजारी ठेवावी (नेमकी तीच विसरली जाते). शिवाय या झाडातील कॅम्प्टोथेसिन हे संयुग ज्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला (डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या प्रथिनाला) अडवते, ते आपल्या पेशींतही असते. मानवी पेशींवरील विषारीपणा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सह्याद्रीतील हे झाड तोडीमुळे विरळ झाले असल्याने पाने मोजकीच घ्यावीत, आणि नमुन्याची ओळख पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात आधी पक्की करून घ्यावी.