डोळ्यांतून काही बाहेर पडते का? डोळ्यांविषयीच्या बालपणीच्या समजुती

प्राथमिक शिक्षिका, डिचोली

नमस्कार. मी एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. ज्ञानेंद्रियांचा पाठ सुरू करण्यापूर्वी मी मुलांना "समोरचे झाड आपल्याला कसे दिसते, ते वहीत काढून दाखवा" असे सांगितले. बहुतेकांनी डोळ्यापासून निघून झाडाकडे जाणारा बाण काढला. एका मुलीने तर बाणाच्या टोकाला छोटासा हात काढला होता आणि तो हात फांदीवरचा आंबा चाचपत होता. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, डोळे मिटले की हात आत येतो, म्हणून दिसत नाही."

उत्तर चुकीचे असले, तरी त्यामागे विचार आहे आणि म्हणूनच त्यावर लाल शाईची फुली मारणे मला योग्य वाटत नाही. आपल्या लहानपणी डोळ्यांविषयी कोणत्या गमतीदार समजुती होत्या आणि त्या कशा दूर झाल्या, हे कृपया लिहावे. मोठ्यांनी घातलेल्या भीतीपेक्षा मुलांनी स्वतः रचलेल्या समजुती मला अधिक हव्या आहेत.

वाचक, पणजी

आम्हा पणजीच्या मुलांची समजूत संमोहनाचे प्रयोग करणारे आबे फारिया यांच्या पुतळ्याशी जोडलेली होती. जुन्या सचिवालयाशेजारच्या या पुतळ्यात फारिया दोन्ही हात पुढे करून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री भान हरपून कोसळते आहे. त्यांच्या डोळ्यांत पाहिले तर दिवसभर झोप येते, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी आम्ही मांडवी नदीकडे तोंड करून तेथून जात असू.

विशेष म्हणजे खुद्द फारिया यांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. त्यांचा जन्म १७५६ साली कांदोळी येथे झाला. पुढे ते पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग दाखवू लागले, तेव्हा जर्मन वैद्य मेस्मर यांच्या अनुयायांचे मत असे होते की, प्रयोग करणाऱ्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव समोरच्या माणसात जातो. फारिया यांनी हे नाकारले आणि ही झोप प्रयोगकर्त्याच्या डोळ्यांतून किंवा हातांतून येत नसून ज्याला ती लागते त्याच्याच मनातून येते, असे मांडले. त्यांचे पुस्तक १८१९ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. वर्गाची सहल पणजीला आली, तर मुलांना तो जवळून आणि निर्धास्तपणे पाहू द्यावा.

निवृत्त संस्कृत शिक्षक, फोंडा

बाई, त्या मुलीच्या मताला फार जुनी सोबत आहे. चक्षू हे तेजोमय इंद्रिय असून त्याचे किरण बाहेर जाऊन वस्तूला भिडतात, तेव्हाच ती दिसते, असे न्यायदर्शन हे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञान मानते. मग हे किरण आपल्याला दिसत का नाहीत, या आक्षेपाला उत्तर देताना न्यायसूत्रे रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतील चमक पुरावा म्हणून देतात. ग्रीक गणिती युक्लिडनेही डोळ्यातून निघणाऱ्या किरणांवरच आपले दृष्टिशास्त्र उभारले होते. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी मात्र असा विचार मांडला की, प्रखर उजेडाकडे पाहिल्यास डोळे दुखतात, त्या अर्थी काहीतरी बाहेरून आत येत असले पाहिजे.

आमच्या घरी हीच समजूत माणसांना लागू झाली होती. घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला मांजरासारखे काळोखात दिसते, असे मानून वीज गेली की आम्ही घाऱ्या डोळ्यांच्या चुलतभावाला मेणबत्ती आणायला माजघरात पाठवत असू. तो कोठेही न धडपडता परत येई, आणि आमचा विश्वास आणखी दृढ होई. वास्तविक त्याला घराचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता. घाऱ्या डोळ्यांच्या बुबुळात रंगद्रव्य कमी असते इतकेच. मंद उजेडात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरील, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरील, दंडपेशी करतात आणि बुबुळाचा रंग कोणताही असला, तरी त्या सर्वांनाच असतात.

मांजराच्या किंवा गाईच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो, जो आत आलेला उजेड परत फिरवतो. माणसाला तो नसतो. मुलांना घरी करता येईल अशी एक परीक्षा सुचवतो. काळोखात मोठ्यांपैकी कोणीतरी विजेरी स्वतःच्या कानशिलाजवळ धरून दूरवरच्या मांजराकडे क्षणभर प्रकाश टाकावा, म्हणजे त्याचे डोळे लखलखतील. तीच विजेरी हात लांब करून बाजूला धरली की चमक मंदावते, आणि विझवली की नाहीशीच होते. डोळ्यांतून किरण खरोखर निघत असते, तर ते विजेरीच्या जागेवर अवलंबून राहिले नसते.

नेत्रचिकित्सा साहाय्यक, मडगाव

डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने आपलेही डोळे येतात, ही समजूत याच जातीची आहे आणि ती मोठ्यांतही आढळते. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर साथ पसरली, तेव्हा काळ्या चष्म्यामुळे आपली नजर इतरांना बाधणार नाही, असे सांगणारे रुग्ण मला भेटले. काळा चष्मा रुग्णाला उजेड सोसावा म्हणून असतो. संसर्ग हात, टॉवेल आणि उशीची खोळ यांतून पसरतो, म्हणून वर्गात हात धुण्यावर भर द्यावा.

भीतीच्या समजुती आपण बाजूला ठेवल्या आहेत, त्याबाबत मात्र मी सहमत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, असे घरात ऐकलेले मूल चष्मा दप्तरातच ठेवते आणि फळा दिसत नसतानाही गप्प बसते. ही समजूत मला सर्वांत घातक वाटते.

वाचक, पेडणे

मी लहानपणी गुरे घेऊन सड्यावर जात असे आणि कातळावर उताणा पडून आकाश पाहत असे. डोळ्यांसमोर काचेच्या धाग्यांसारखे, गाठी मारलेले किडे तरंगत. त्यांच्याकडे रोखून पाहू लागलो की ते पळून जात. हवेत सगळीकडे जंतू असतात, असे गुरुजींनी सांगितले होते, तेव्हा मला ते साध्या डोळ्यांनी दिसतात, अशी माझी पक्की खात्री झाली आणि वाऱ्याच्या दिवशी मी नाक दाबून धरत असे.

पुढे कळले की, डोळ्याच्या आत भरलेल्या पारदर्शक गरात बारीक तंतू असतात आणि त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. नजर वळवली की तेही वळतात, म्हणून ते पळाल्यासारखे वाटतात. निळ्या आकाशात याशिवाय झरझर धावणारे तेजस्वी ठिपकेही दिसतात. दृष्टिपटलावरच्या केशवाहिन्यांतील तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या पेशी तो जाऊ देतात, म्हणून पांढरी पेशी ठिपक्यासारखी चमकते. स्वतःच्या रक्तातील पेशी अशा दिसतात, हे कळल्यापासून माझे आकाशाकडे पाहणे अधिकच वाढले आहे.

नेत्रचिकित्सा साहाय्यक, मडगाव

एक पुरवणी जोडतो. असे तंतू एकाएकी पुष्कळ वाढले, विजेसारखे लखलखाट दिसले किंवा नजरेवर पडदा आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मुलांना आकाश दाखवताना सूर्य पाठीमागे असावा.

प्राथमिक शिक्षिका, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. चष्म्याचा मुद्दा मी पालकसभेत मांडणार आहे. मांजराची परीक्षा गृहपाठ म्हणून देईन. प्रकाश आत येतो, हे वर्गातच दाखवण्याचा काही सोपा मार्ग आहे का?

वाचक, पणजी

बुटाच्या खोक्याच्या एका टोकाला सुईने भोक पाडावे, समोरचे टोक कापून तेथे बटर पेपर ताणून चिकटवावा आणि अंधाऱ्या खोलीत भोकासमोर मेणबत्ती धरावी. कागदावर ज्योत उलटी उमटते. दृष्टिपटलावरचे चित्रही असेच उलटे असते, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी १६०४ साली दाखवून दिले आणि त्याचा सुलटा अर्थ मेंदू लावतो. मग खोक्याचे भोक पेन्सिलीने थोडे मोठे करून पाहावे. ज्योत अधिक उजळ, पण अस्पष्ट होईल. हा बदल मुलांनी आपल्या हातांनीच करून पाहिलेला बरा.