मदत हवी आहे: प्लेटिंगचा स्लज (गाळ) भट्टीत भाजावा का?

मंडळी, नमस्कार. भोसरीत आमचं झिंक आणि क्रोम प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया संयंत्रात, चुना मारल्यावर फिल्टर प्रेसमधून दाबलेल्या गाळाचा जो केक निघतो, तो रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रावर जातो. पैसे वजनावर, आणि केकमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच.

आता एक भट्टीवाला मागे लागलाय. छोटी रोटरी भट्टी घ्या, ८५० डिग्रीला भाजा, राख निर्धोक, वीटभट्टीला देऊन टाका. पाणी उडेल हे पटतं, पण धातू कुठे जाणार?

लॅबच्या मफल फर्नेसमध्ये थोडा केक तेवढ्याच तापमानाला ठेवला. राखाडी-हिरवा आत गेला, पिवळट होऊन बाहेर आला. पाण्यात ढवळला तर पाणी पिवळं. आम्ल करून डायफिनाइल कार्बाझाइड टाकताच जांभळं, म्हणजे विषारी क्रोम सहा आहेच. ईटीपीत बायसल्फाइट ओतून क्रोम सहाचा तीन करायचा आणि भट्टीत परत सहा करून ठेवायचा, हा कुठला शहाणपणा?

कोळसा मिसळून, हवा कमी ठेवून कोणी भाजलंय का? पिकलिंगमुळे (आम्लात धातू साफ करणं) केकमध्ये क्लोराइडही आहे.

प्रतिसाद

साहेब, हे चुन्याचं काम. चुना, क्रोम आणि गरम हवा एकत्र आली की कॅल्शियम क्रोमेट होतं, आणि ते पाण्यात उतरतं. टीसीएलपीत, म्हणजे कचऱ्यातून किती धातू झिरपतो त्या चाचणीत, क्रोमची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे.

कोळशाने क्रोम आवरतो, पण माल थंड होतानाही हवा लागू द्यायची नाही. वर तोच कोळसा झिंकला पळवतो. ९५०च्या पुढे झिंक ऑक्साइडचा धातू होतो आणि धातू तर ९०७लाच उकळतो. स्टील भट्टीच्या धुळीतून झिंक काढतात ते असंच. तुमच्याकडे क्लोराइड आहे, झिंक क्लोराइड ७३२लाच उकळतं. म्हणजे ८५०लाही धुरातली धूळ पकडायला बॅग फिल्टर हवाच, आणि त्यातली धूळ पुन्हा घातक कचरा. वाळू घालून १३०० डिग्रीच्या वर काच केली तर क्रोम नीट अडकतो, पण विजेचं बिल छोट्या युनिटला झेपणार नाही.

वीटभट्टीचं तर डोक्यातून काढाच. २०१६च्या घातक कचरा नियमांत असा वापर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

वजनच कमी करायचं असेल तर स्लज ड्रायर बघा, शंभरेक डिग्रीचा. त्यासाठीही मंडळाला आधी विचारा. आणि एक सांगा, क्रोमचं पाणी झिंकच्या पाण्यात मिसळूनच ईटीपीत जातं का? वेगळं काढता आलं तर क्रोमचा केक थोडासाच उरेल.